फुकट उत्तरं देणाऱ्यांच्या संमेलनातली चोरी

१

"लॅपटॉप चोरीला गेला," असं संयोजिका बाईंनी येऊन सांगितलं तेव्हा माझ्या हातात चौथं बिस्किट होतं. खरं सांगतो, ते मी आधी संपवलं. या सगळ्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. माझं चपलांचं दुकान आहे. आत्याला आलेल्या आमंत्रणात 'सोबत एक व्यक्ती चालेल' असं लिहिलं होतं, आणि आमच्या घरात रिकामटेकडी व्यक्ती म्हटलं की सगळे माझ्याकडेच बघतात. दुकान बायको सांभाळते, आणि मी नसलो की गिऱ्हाईक जास्त टिकतं असं तिचं म्हणणं आहे.

तर भानगड अशी. एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. तिच्या सॉफ्टवेअरवर लोक अर्ज, पत्रं, प्रबंध, पुस्तकं लिहितात. लिहिताना गाडी अडली की कंपनीच्या वेबसाइटवर एक मंच आहे, तिथे प्रश्न टाकतात. त्यांची उत्तरं कंपनी देत नाही. ती माझ्या आत्यासारखी जाणकार माणसं देतात, घरी बसून आणि एक पैसा न घेता. याला माझी आई लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणायची. कंपनी 'स्वयंसेवक तज्ज्ञ' म्हणते आणि वर्षातून एकदा सगळ्यांना हॉटेलात बोलावून जेवायला घालते.

त्यांच्या गळ्यातल्या कार्डांवर खरी नावं नव्हती, मंचावरची टोपणनावं होती. आत्याच्या कार्डावर 'आधी सांगा' असं होतं. कारण तुम्ही काहीही विचारलंत तरी ती म्हणणार, "आधी सांगा, स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलंय?" हा तिचा एकटीचा नाही, अख्ख्या मंचाचा पहिला नियम आहे. स्क्रीनवरची अक्षरं जशीच्या तशी विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. आणि तो नियम या लोकांच्या हाडीमांसी भिनलाय. सकाळी लिफ्ट मधेच बंद पडली, तर आतले सहाजण घाबरायचं सोडून 'बटणांच्या वर काय अक्षरं दिसतायत?' म्हणून एकमेकांना विचारत होते. मी एकटा देवाचा धावा करत होतो.

आता त्या लॅपटॉपचं. त्यात कंपनीचं नवीन उत्तरयंत्र होतं. लोकांनी प्रश्न विचारायचा आणि यंत्रानं आपोआप उत्तर द्यायचं, मधे माणूस नाही. दुपारी कंपनीचे मोठे साहेब भाषण करून ते सगळ्यांना दाखवणार होते, आणि त्याच भाषणात मंच बंद केल्याचं जाहीर करणार, अशी कुजबुज सकाळपासून चालली होती.

आत्या सकाळी न्याहारीला बसली खरी, पण तिनं ताटाला हात लावला नाही. काका गेले तेव्हा महिनाभर ती कोणाशीही बोलली नव्हती. त्यानंतर पहिल्यांदा बोलली ती या मंचावर, कोणा विद्यार्थ्याच्या प्रबंधात पानांचे आकडे चुकत होते म्हणून. मंच तिच्यासाठी काय आहे ते मला माहीत होतं. म्हणूनच बॅग उचलायला आलो होतो, उगाच नाही.

"चोरी झाली म्हणजे आता आपल्यावरच येणार," आत्या माझ्या कानात म्हणाली. "साहेबांना निमित्तच हवंय. म्हणतील, असले चोर लोक कशाला पोसायचे?"

आणि नेमके तेव्हाच मोठे साहेब दारात येऊन उभे राहिले.

२

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "दुपारच्या कार्यक्रमापर्यंत लॅपटॉप स्टेजवर दिसला नाही, तर मी पोलिसांना बोलावीन. मग या मंचाचं काय करायचं ते वेगळं सांगायलाच नको." आणि लिफ्टनं वर आपल्या खोलीत निघून गेले. लिफ्ट तेव्हा मात्र बरोबर चालली.

संयोजिका बाई म्हणजे पंचविशीतली मुलगी. रडायच्या बेतात होती. आत्यानं तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"आता मला सगळं नीट सांग पोरी. लॅपटॉप कुठे होता?"

"स्टेजवर, चालू. चहाची सुट्टी झाली, बहुतेक सगळे खाली गेले. मी यंत्राला एक प्रश्न विचारून बघितला आणि तेवढ्यात ते अडकलं. मधोमध चौकट आली, जाईचना. म्हणून इंजिनियरला फोन करायला बाहेर—"

"चौकटीत नेमकं काय लिहिलं होतं?" आत्यानं विचारलं. मी कपाळाला हात लावला.

मुलीनं आठवून सांगितलं, "'माझं उत्तर चुकलं असेल तर कृपया ते दुरुस्त करा.' आणि खाली लिहायला रिकामी जागा."

"अगं बाई," आत्या म्हणाली. मग विचारलं, "तू फोन करत कुठे उभी होतीस?"

"हॉलच्या दाराशीच. दुसरं दार नाही. हॉलमध्ये तेव्हा तिघंच होते, चहाला उशिरा निघालेले. तिघं एकामागून एक माझ्यासमोरून बाहेर गेले. मी आत गेले तर लॅपटॉप नाही. पण आजी, तिघांच्याही खांद्यावर आपल्या कंपनीनं भेट दिलेली निळी पिशवी होती. कोणाच्या पिशवीत काय, मला कसं कळणार? पाहुण्यांची झडती तर घेता येत नाही."

"झडती कशाला हवी? मी तिघांशी नुसतं बोलते. तू एक लक्षात ठेव, त्या चौकटीत काय होतं हे आत्तापुरतं दुसऱ्या कोणाला सांगू नकोस."

"का गं?" मी विचारलं.

"तू नुसता बरोबर चल. आणि तोंड बंद ठेव."

तिघांची नावं ऐकली आणि मी मनात म्हटलं, चोर कोण ते तर शेंबडं पोरही सांगेल.

३

कारण तिघांतला पहिला होता तोफखाना. हे मंचावरचं नाव, आणि शोभून दिसणारं. बँकेतून निवृत्त झालेला, भरघोस मिशांचा माणूस. उत्तरयंत्राला त्यानं सकाळपासून इतक्या शिव्या दिल्या होत्या की वेटर लोकसुद्धा ऐकायला थांबत होते.

"मी चोर?" त्याच्या खोलीत जाऊन आत्यानं नुसता विषय काढला, तर तो गरजला. "बाई, मला तो डबा चोरायचा असता तर स्टेजवरून उचलून खिडकीतून फेकला असता, सगळ्यांदेखत! मी लपूनछपून काही करत नाही. आमच्या जिवावर कंपनी मोठी झाली आणि आता आम्हालाच नारळ देणार? मी त्या साहेबाला तोंडावर सांगतो—"

"सांगा, सांगा," आत्या शांतपणे म्हणाली. "त्या पोरीची मात्र दया येते हो. लॅपटॉपवर कसलासा मेसेज येऊन अडकला होता म्हणे, म्हणून ती बाहेर गेली."

तोफखान्याची मूठ हवेतच राहिली. "मेसेज? काय मेसेज?"

"ते काही कळलं नाही."

"कळलं नाही? बाई, तुम्ही असं म्हणता? अक्षरन् अक्षर विचारायला नको? लाल रंगात होता का पिवळ्या? खाली नंबर होता?" साहेब, कंपनी, नारळ, सगळं विसरून तो मेसेजच्या मागे लागला. आम्ही निघालो तरी मागून ओरडत होता, "नंबर असला तर मला कळवा!"

"हाच," मी बाहेर आल्यावर म्हणालो. "चोराच्या उलट्या बोंबा."

आत्या पुढे चालू लागली.

दुसरा होता औषधांच्या दुकानाचा मालक, काडीसारखा बारीक. मंचावर त्याचं नाव 'फोटो पाठवा'. आम्हाला बघताच त्यानं निळी पिशवी पोटाशी धरली. आत्या हवापाण्याचं बोलत राहिली, पण माझी नजर त्या पिशवीवर. पिशवी चांगलीच फुगलेली होती. बोलता बोलता त्याच्या कपाळावर घाम आला, आणि तोही एवढ्या गारठ्यात, जिथे मला स्वेटर आणला नाही म्हणून पश्चात्ताप होत होता.

"पिशवीत काय आहे हो?" मी विचारलंच. आत्यानं माझ्याकडे रागानं बघितलं, पण बाण सुटला होता.

त्याचा चेहरा पडला. त्यानं हळूच पिशवी उघडली. आत हॉटेलातले साबण, शाम्पूच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, दोन टॉवेल आणि खोलीतल्या टीव्हीचा रिमोट होता.

"रिमोट कशाला घेतला?" मी थक्क होऊन विचारलं.

"चुकून आला," तो म्हणाला. "टॉवेल मात्र जाणूनबुजून घेतले."

"राहू दे ते," आत्या म्हणाली. "मला त्या लॅपटॉपचं वाईट वाटतंय. त्यावर कसलासा मेसेज येऊन अडकला होता म्हणे."

"फोटो काढलाय का कोणी?" त्यानं लगेच विचारलं. "नाही? मग निदान शब्द तरी? पहिला शब्द काय होता?" टॉवेलांची घडी करत असतानाही तो तेच विचारत होता.

राहिली तिसरी. आणि तिच्याबद्दल शंका घ्यायची म्हणजे आपल्याच जिभेला चटका देण्यासारखं होतं.

४

'सावकाश' बाई. पाळणाघर चालवतात. त्यांचं प्रत्येक उत्तर 'घाबरू नका, सावकाश करू' असं सुरू होतं. म्हणून ते नाव. गोल चेहरा, कपाळावर चष्मा, पर्समध्ये सदानकदा खोकल्याच्या गोळ्या. सकाळी लिफ्टमध्ये मला धीर देणारं कोणी भेटलं असेल तर ह्याच. त्यांच्या खोलीचं दार आत्यानं वाजवलं तेव्हा मला लाज वाटली.

दार उघडायला जरा वेळ लागला. उघडलं तेही अर्धंच.

"या ना... म्हणजे आत पसारा आहे हो, इथेच बोलू." त्यांनी माझ्या हातावर गोळी ठेवली. "घसा बसलाय का तुमचा? एसीचा त्रास."

आत्यानं चोरीचं सांगितलं. बाई हळहळल्या. मग आत्या म्हणाली, "तो लॅपटॉप आधीच बिघडला होता म्हणे. त्यावर कसलासा मेसेज येऊन अडकला होता."

"असेल हो," बाई म्हणाल्या. "यंत्रच ते. आणि ती संयोजिका पोरगी? काही खाल्लं का तिनं? तिला म्हणावं घाबरू नकोस, मिळेल लॅपटॉप. संध्याकाळच्या... म्हणजे दुपारच्या आत मिळेल."

आत्यानं मान डोलावली. "बरं, येते," म्हणाली. दार बंद झालं.

"किती मायाळू बाई!" मी गोळी चघळत म्हणालो. "आत्या, तो तोफखानाच. मी पैजेवर सांगतो."

आत्या त्या बंद दारासमोरच उभी राहिली होती. "तू पैज हरलास," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा दार वाजवलं.

"काय करतेस?" मी तिचा हात धरला.

"अरे, मी तिघांनाही एकच गोष्ट सांगितली की मेसेज आला होता. तोफखाना चिडलेला होता, चिडायचं विसरला आणि विचारलं, काय मेसेज. फोटोवाला घाबरलेला होता, घाबरायचं विसरला आणि विचारलं, काय मेसेज. मी तरी काय केलं? त्या रडणाऱ्या पोरीला आधी तेच विचारलं. आमच्यातला माणूस मरणाच्या दारातून परत येऊन विचारील, दारावर काय लिहिलं होतं. आणि ह्या बाई म्हणतात, असेल हो! मेसेज काय आहे हे न विचारणारा आमच्यात एकच माणूस असू शकतो. ज्यानं तो स्वतः वाचलाय तो."

दार उघडलं. यावेळी पूर्ण उघडलं. आणि आत टेबलावर कंपनीचा लॅपटॉप चालू होता.

५

"विकायला नाही हो घेतला," सावकाश बाई पलंगावर बसत म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "फोडायलाही नाही. मी चहाला निघाले होते. वाटेत स्टेजवर ती चौकट दिसली. 'कृपया दुरुस्त करा' म्हणत होती. वरचं उत्तर वाचलं आणि चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं. कोणीतरी विचारलेलं, माझी फाईल फार हळू चालते, काय करू? आणि हे यंत्र सांगतंय, 'जागा मोकळी करा' हे बटण दाबा."

आत्यानं तोंडावर हात ठेवला.

"त्यात काय झालं?" मी विचारलं. दोघींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी डाव्या पायाचे दोन बूट गिऱ्हाईकाला बांधून दिलेत.

"त्या बटणानं फाईलीतलं सगळं लिखाण पुसलं जातं," आत्या म्हणाली. "हळू चालणारी फाईल म्हणजे मोठी फाईल. मोठी म्हणजे कोणाचं तरी वर्षाचं काम."

"मी तिथेच दुरुस्त करणार होते," सावकाश बाई म्हणाल्या. "एक दुरुस्त केलं, तर त्यानं दुसरं चुकीचं दाखवलं. दुसरं केलं, तर तिसरं. लोक परत यायची वेळ झाली. ते सोडून जाववेना. पिशवीत टाकला आणि इथे येऊन बसले. दुपारी गुपचूप ठेवणार होते. पण अजून अर्ध्यावरही नाही आले."

मला आता सगळं उमगलं, आणि माझ्या व्यापारी डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो, मग आणखी काय पाहिजे? आहे तसाच नेऊन ठेवा! साहेब सगळ्यांसमोर प्रश्न विचारतील, यंत्र खुळ्यासारखं बोलेल, साहेबांची फजिती. यंत्र गेलं कचऱ्यात आणि मंच वाचला. सुंठीवाचून खोकला गेला!"

आत्या लॅपटॉपकडे बघत राहिली. तिला मोह झाला होता. मी तिला लहानपणापासून ओळखतो, तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. रोजचा सकाळचा चहा, रोजचे ते अनोळखी लोक, रोजचं 'धन्यवाद ताई'. ते सगळं वाचवायचं तर नुसतं गप्प बसायचं होतं.

"आणि साहेबांनी तरीही सुरू केलं तर?" सावकाश बाई म्हणाल्या. "कुठल्या तरी पोरीनं ते बटण दाबलं तर?"

आत्यानं एक सुस्कारा टाकला आणि खुर्ची ओढली. "सरका जरा. हे तक्त्यांचं उत्तर पण चुकलंय. पण तक्त्यांत मी कच्ची आहे." ती माझ्याकडे वळली. "जा, तोफखान्याला बोलाव. आणि त्या फोटोवाल्यालाही."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. थोड्या वेळात ज्या यंत्रामुळे त्यांची गच्छंती होणार होती, त्याच यंत्राभोवती चौघं गोळा होऊन त्याला शिकवत होते. आणि मग त्यांचं भांडण लागलं. तोफखान्याला एक उत्तर बरोबर वाटे, फोटोवाल्याला दुसरं. आवाज चढले. "तुम्हाला तक्त्यांतलं ओ की ठो कळत नाही!" हे वाक्य तोफखान्यानं इतक्या जोरात म्हटलं की मजल्यावरची दारं उघडली.

आमचंही दार उघडलं. मोठे साहेब उभे होते.

६

त्यांच्या काखेत त्यांचा स्वतःचा लॅपटॉप होता. त्यांनी टेबलाकडे बघितलं, आम्हा पाचजणांकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही सगळेच यात सामील आहात," ते म्हणाले. "ठीक आहे. कशासाठी चोरलात एवढं तरी सांगा."

माझी पाचावर धारण बसली. आत्या मात्र उठून उभी राहिली आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "चोरला नाही साहेब, दुरुस्तीला घेतला. तुमचं यंत्र लोकांना सांगतंय की फाईल हळू चालली तर 'जागा मोकळी करा' दाबा."

"बरोबरच आहे की," साहेब म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "का? दाबायचं नसतं?"

"अहो, सगळं पुसलं जातं!" चौघं एकदम म्हणाले.

साहेबांनी काखेतला लॅपटॉप छातीशी धरला. चेहरा पांढराफटक. दार लोटून घेऊन ते हळूच म्हणाले, "माझं दुपारचं भाषण. फाईल हळू चालत होती. माझ्या लॅपटॉपवर यंत्राची जुनी प्रत आहे, तिलाच आत्ता विचारलं आणि दाबलं."

"इंजिनियरला बोलवा ना," मी म्हणालो.

"कोणत्या तोंडानं? कंपनी माझी, यंत्र माझं." त्यांची अवस्था मला चांगली कळली. माझ्या स्वतःच्या चपलेचा अंगठा भर रस्त्यात तुटला तर मी शेजारच्या दुकानात जाईन का?

"त्यानंतर दुसरं काही दाबलंत?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"मग घाबरू नका," सावकाश बाई म्हणाल्या. "सावकाश करू."

पुढचा प्रकार मी जन्मात विसरणार नाही. मंच बंद करायला निघालेला माणूस पलंगाच्या कडेला बसला होता, हातात खोकल्याची गोळी घेऊन. चौघं त्याच्या लॅपटॉपवर तुटून पडले होते. सॉफ्टवेअर पुसलेल्या लिखाणाची एक प्रत थोडा वेळ लपवून ठेवतं म्हणे. ती कुठे असते यावरून पुन्हा वाजलं, पण शेवटी तोफखान्यानं शोधून काढलीच. "हे बघा आलं!" तो ओरडला आणि विजयी मुद्रेनं पहिली ओळ मोठ्यानं वाचली.

"'मित्रहो, आजपासून आपला स्वयंसेवक मंच कायमचा बंद करण्यात येत आहे.'"

तोफखान्याच्या मिशा थरथरल्या. सावकाश बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पदरानं पुसायला लागल्या. सकाळपासून जी कुजबुज होती ती खरी निघाली होती, आणि ती त्यांनी आपल्याच हातानं खणून वर आणली होती.

आत्यानं लॅपटॉप उचलला आणि साहेबांच्या मांडीवर ठेवला. "घ्या साहेब, अक्षरही गेलेलं नाही. आता आधी सेव्ह करा, नाहीतर परत जाईल."

साहेबांनी ती पहिली ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी एकेकाकडे बघितलं. मान खाली घातली, बोट पुढे केलं आणि 'जागा मोकळी करा' दाबलं.

पान कोरं झालं.

"अहो साहेब!" तोफखाना खुर्चीतून उसळला. "काय केलंत हे! पण घाबरू नका, दुसरं काही दाबू नका, अजूनही परत आणता ये—"

आत्यानं त्याच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.